गाणं बाहेर नेण्याचा गेटपास

दिंडोशीच्या सुखनिवास सहकारी गृहनिर्माण संस्थेतले दशरथ तावडे हे अत्यंत निरुपद्रवी सभासद होते. इतक्या वर्षांत त्यांनी खिडकीबाहेर कुंडी ठेवली नाही, की वार्षिक सभेत एक प्रश्न विचारला नाही. अशा माणसाच्या घरात अनधिकृत प्रसारण केंद्र सापडावं, याचं कमिटीला मनापासून दुःख झालं.

झालं असं. तावडेंची बायको प्रेमा भजनी मंडळात गायची. भाकऱ्या थापतानाही गायची, आणि तावडे ओट्यावर टेपरेकॉर्डर ठेवून ते भरून घ्यायचे. ती जाऊन तीन वर्षं झाली. मागे राहिल्या एकेचाळीस कॅसेटी, त्यातल्या निम्म्यांना बुरशी. मुलगी श्रुतिकाने महिनाभर खपून त्या साफ केल्या, कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी घरच्या इंटरनेटला जोडून दिली.

"बाबा, आईची सगळी गाणी ह्यात आहेत. घरात ऐका, नाहीतर बाहेर मोबाइलवर ऐका. गाणी घरीच राहणार, तुम्ही खुशाल फिरा."

रविवारी तावडे सुके बोंबील आणायला वर्सोव्याला गेले. अंजनाबाई कोळणीच्या टोपलीपुढे उभं राहून त्यांनी मोबाइल लावला. आधी प्रेमाने विचारलं, "अहो, बटण दाबलात काय?" मग ती गायला लागली. तावडे बोंबील निवडायचे विसरले.

"कोनाचा आवाज हाय यो?" अंजनाबाईने विचारलं.

"बायकोचा. घरी आहे."

"मंग घरी जाऊन ऐक की तिला! इथं कशाला उभा?"

"ती गेली, बाई. गाणं घरी आहे."

अंजनाबाईने पिशवीत मूठभर बोंबील जास्त घातले.

परत आल्यावर त्याच आनंदात तावडेंनी गेटवर सेक्रेटरी सुबोध पेडणेकरला सगळी हकिगत सांगितली. त्यांचं चुकलं ते एवढंच. तिसऱ्या दिवशी नोटीस आली. विषय : सदनिका क्र. ३०४ मधून संगीताचे विनापरवाना बहिर्गमन.

सुनावणी सोसायटीच्या ऑफिसात झाली.

"काका, तुम्ही वर्सोव्यात होतात तेव्हा फ्लॅटला कुलूप होतं?" सुबोधने विचारलं.

"होतं."

"आणि गाणं फ्लॅटमधून येत होतं?"

"हो."

"म्हणजे बंद सदनिकेत कामकाज चालू होतं." त्याने लिहून घेतलं.

"पण शेजारी कोणाला आवाज आला का?" कमिटीतल्या जयंतीबाईंनी विचारलं.

"नाही आला, हेच तर गंभीर आहे. आवाज आला असता तर रात्री दहाचा नियम लावता आला असता. न येणाऱ्या आवाजाला नियमच नाही."

तावडे म्हणाले, "अरे सुबोध, तूसुद्धा मोबाइलवर गाणी ऐकतोस ना?"

"ती कंपनीची आहेत, काका. कंपनीने उद्या काढून घेतली की संपलं. माझं त्यात काहीच नाही. तुमची स्वतःची आहेत, तिथेच घोळ आहे."

शेवटी उपविधींत आधार सापडला : संस्थेच्या आवारातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूस गेटपास आवश्यक. मग तावडे जिथे असतील तिथून आधी वॉचमन धोंडूला फोन लावू लागले.

"धोंडू, एक भजन बाहेर काढतोय."

"वजन काय लिवू, सायेब?"

"साडेचार मिनिटं लिही."

धोंडू प्रामाणिक माणूस. त्याने 'गेल्याची वेळ' हा रकाना भरला आणि 'परत आल्याची वेळ' हा रकाना कोरा ठेवला. महिनाअखेर कमिटीने रजिस्टर तपासलं, तर त्रेसष्ट गाणी बाहेर गेली होती आणि एकही परतलं नव्हतं.

"गाणी गेली कुठे, काका?"

"कुठे जाणार? घरीच आहेत."

"मग बाहेर गेल्याची खोटी नोंद का केलीत?"

संस्थेच्या दप्तरात खोटी नोंद केल्याबद्दल पेटी सात दिवसांत आवाराबाहेर हलवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. जयंतीबाईंनी हात वर केला, पण तावडेंकडे बघितलं नाही. घरी येऊन तावडेंनी पेटीची पिन काढली. तिच्यावरचा बारीक हिरवा दिवा विझला. तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटलात जसे उभे होते, तसेच ते बराच वेळ तिथे उभे राहिले.

रविवारी वर्सोव्यात ऐकवायला काहीच नव्हतं. अंजनाबाईने कारण विचारलं, आणि तावडेंनी सांगितलं.

"माझे घरान ठेव," ती म्हणाली. "आमचे घरान सेक्रेटरी नाय."

श्रुतिकाने पेटी वर्सोव्यात नेऊन जोडली. आता गाणी तिथून निघून दिंडोशीत येऊ लागली. कमिटीने तातडीची सभा घेतली. बाहेर जाते ती वस्तू. पण बाहेरून येऊन गाते, बोलते, "बटण दाबलात काय" विचारते, ती वस्तू कशी? तो अभ्यागत. अभ्यागताने गेटवर नोंद करावी.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पाचला तावडे स्वच्छ शर्ट घालून खाली उतरतात. धोंडू रजिस्टर पुढे करतो. नाव : प्रेमा दशरथ तावडे. कोणाकडे : ३०४. काम : भेट. तावडे तिच्या वतीने सही करतात आणि वर जातात.

वर्ष संपल्यावर अहवालासाठी सुबोधने ते रजिस्टर चाळलं. चौऱ्याऐंशी फ्लॅट. कुरिअर, पार्सल, गॅस, पिझ्झा, पाण्याची बाटली, पुन्हा पार्सल. 'भेट' हा शब्द वर्षभर एकाच हस्ताक्षरात होता, तावडेंच्या. स्वतःच्या ५०२ समोर त्याने तीनदा बोट फिरवलं. मग त्याने अहवालात लिहिलं : अभ्यागतांचे प्रमाण समाधानकारकरीत्या नियंत्रणात आहे.

आपल्याही इमारतीत ते नियंत्रणात असेलच. शंका असल्यास खाली जाऊन रजिस्टर मागावं. वॉचमन देतो, फक्त आपण कितव्या मजल्यावर राहता, हे त्याला आधी सांगावं लागेल.