फ्रिजसमोरचा ग्रह

"सर, एवढी महागाची दुर्बीण पंधरा लाख किलोमीटर लांब कशाला पाठवली? आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ठेवली असती तर नसतं का दिसलं?"

अमृताने विचारलं आणि शाळेचा हॉल फिस्सकन हसला. मागच्या रांगेत गुड्डी आणि सुमित तर एकमेकांना ढोसत होते. पैज त्यांचीच होती. "पुण्याहून आलेल्या सरांना हे विचारून दाखव, दाबेली आमच्याकडून." गेल्या वर्षीची अमृता हजेरीलाही पुटपुटायची. पण वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून तिला स्वतःचा आवाज भलताच आवडायला लागला होता.

पाहुणे सर मात्र हसले नाहीत. "तुमच्या गच्चीवर काय काय आहे?"

"पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या आणि जया मावशींचे पापड."

"बस, म्हणूनच. इथे हवा हलते, उष्णता हलते, माणसं हलतात. दुर्बिणीला समोर काही हललेलं चालत नाही. म्हणून ती घरापासून लांब जाते."

मग त्यांनी दूरचे ग्रह कसे सापडतात ते सांगितलं. ताऱ्याकडे टक लावून बघत राहायचं. ग्रह समोरून गेला की उजेड किंचित कमी होतो, आलेखात खड्डा पडतो. खड्डा जेवढा खोल, ग्रह तेवढा मोठा. ग्रह स्वतः दिसत नाही, पण चोरी लपत नाही.

"याचं मॉडेल विज्ञान प्रदर्शनात कोण करेल?" विज्ञानाच्या बाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाल्या, "अमृता करेल. तिला प्रश्न फार पडतात." पहिला नंबर आला तर पुण्याला सुट्टीतलं खगोल शिबिर. अमृताला त्या क्षणापासून बसवेना.

घरी पप्पांनी अट घातली. उदय पाटील मूळचे शिरपूरचे, सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या प्लास्टिक कंपनीत सुपरवायझर. माणूस उंच, दार वाकून ओलांडणारा. आवाजही तसाच. "एकटी पोरगी पुण्याला? पहिला नंबर आण, मंग बघू."

"नक्की?"

"अवं, सांगितलं ना! सुपरवायझरचा शब्द आहे."

गणपतीच्या मागे फिरणारं चक्र माळ्यावरून खाली आलं. चक्राला दोऱ्याने चिकू बांधला, मागे छोटा बल्ब लावला. समोरच्या मांडणीवर पप्पांचा जुना मोबाइल, त्यात उजेड मोजून आलेख काढणारं अ‍ॅप. चक्राच्या पिनेला चालेल असं सॉकेट स्वयंपाकघरातच होतं, म्हणून तारा फ्रिजच्या एका बाजूला आणि दुर्बीण दुसऱ्या बाजूला आली.

"देवाचं चक्र आणि त्यावर चिकू फिरवतेस?" आई कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"आई, तो ग्रह आहे."

"ग्रह असू दे नाहीतर आणखी काही. माझ्या फोडणीच्या वेळेला मध्ये आला तर फेकून देईन."

पहिल्या दिवशी आईने पंखा लावला आणि शनिवारी दारूबंदीतल्या वापीहून आमच्या सिल्वासात 'बसायला' येणारी मंडळी परत जाताना जशी चालतात, तसा ग्रह चालायला लागला. आलेखाची पार रांगोळी विस्कटली. अमृताने पंखा बंद केला. आईला घाम फुटला. तिने पंखा लावला. अमृताने बंद केला. दुपारभर घरात बटणाचाच आवाज.

दुसऱ्या दिवशी समोरच्या जया मावशी विरजण मागायला आल्या आणि नेमक्या ताऱ्यासमोर उभ्या राहून भाचीच्या साखरपुड्याचं सगळं सांगू लागल्या. आलेखात एवढा मोठा खड्डा पडला की जणू ग्रह ताऱ्यासमोर येऊन चहा प्यायला बसला.

"मावशी, सरका ना! तारा झाकलात तुम्ही!"

"अरे बापरे, सॉरी हं. तर काय सांगत होते, मुलगा दादऱ्याला जॉबला आहे…"

तिसऱ्या दिवशी अमृता शाळेतून धावतच आली. चक्र फिरत होतं, बल्ब जळत होता आणि दोऱ्याचं टोक मोकळंच गरगरत होतं.

"पप्पा, ग्रह कुठंय?"

"कोणता ग्रह?" पप्पांनी तोंड पुसलं. "इथं एक चिकू लटकेल होता. पिकून गेला होता बिचारा."

"तुम्ही ग्रह खाल्लात?"

"अहो, शुगर किती आहे तुमची!" आई आतून गरजली. "डॉक्टरांनी गोडाचं नाव काढू नका म्हणून सांगितलंय आणि तुम्ही पोरीच्या अभ्यासाचा चिकू खाता? लाज नाही वाटत?" साखर या विषयात आई म्हणजे घरातली पोलीस चौकी. मिठाईचा डबा ती वास घेऊन तपासायची.

कोणी खाणार नाही म्हणून अमृताने लिंबू लावलं. संध्याकाळी जया मावशी विरजणाची वाटी परत करायला आल्या. अंधारलेलं स्वयंपाकघर, मिणमिणता बल्ब आणि त्यासमोर आपोआप फिरणारं लिंबू बघून त्या वाटी तिथेच ठेवून उलट पावली गेल्या. अर्ध्या तासात सगळी बिल्डिंग विचारायला लागली की पाटलांच्या घरी नेमकं कोणावर काय चाललंय. शेवटी बटाटा आला. बटाट्याबद्दल कोणालाच काही वाटलं नाही.

प्रदर्शन परवावर आलं होतं. हाताशी उद्याचा एकच दिवस होता. रात्री जेवताना अमृता ताटावरून तीनदा उठली. अखेर तिने तारा, चक्र आणि दुर्बीण तिन्ही उचलून आईच्या डोक्यावरून नजर जाईल इतकी उंच ठेवली. आता आई खालून गेली तरी बाधा नव्हती. उंच असे पप्पा एकटेच, आणि त्यांची उद्या दिवसपाळी होती, म्हणजे संध्याकाळपर्यंत ते सायलीला.

"तरी पण कोणीच आत जाऊ नका. प्लीज! माझं पुणं आहे त्यात."

"मी स्वयंपाक सकाळीच उरकते आणि दुपारभर जयाकडे बसते. झालं?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अमृताने मोबाइल उचलला. बटाट्याचे छोटे, नेटके, एकसारखे खड्डे. तिचा श्वास मोकळा होतो न होतो तोच दुपारच्या भागात वेगळेच खड्डे दिसले. जोडीजोडीने, तीनदा आलेले. एक जाताना, एक येताना.

ती ओरडणार, इतक्यात आईच ओरडली. "श्रीखंडाचा डबा रिकामा! रविवारी पाहुणे यायचेत! अहो!"

नुकतेच बूट काढत असलेले पप्पा एका पायावर उभे राहिले. "मी तर फॅक्टरीत होतो!"

"सकाळी टिफिनमध्ये भरून नेलं असेल! चिकू सोडला नाही तुम्ही, श्रीखंड सोडाल?"

चिकूच्या आरोपीचं कोण ऐकतो? पप्पांनी साखरेची शपथ घेतली, तर आई म्हणाली, "तीच घ्या, बाकी काय घेणार!" त्या दिवशी पप्पा जेवणानंतर गच्चीत पापडांशेजारी जाऊन बसले. पुन्हा आलेख काढायला वेळ नव्हता. अमृताने होता तोच मोठा करून छापला.

प्रदर्शनात पुण्याचे सर तिच्या टेबलापाशी थांबले. मागे आई-पप्पा, दोघांमध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर.

"हे बटाट्याचे खड्डे. छान. आणि हे दुपारचे?"

अमृताने त्या खड्ड्यांवर बोट ठेवलं. चूक झाली म्हणावं का? पण तोंड आता तिचं ऐकत नव्हतं. "सर, हा अनोळखी ग्रह आहे."

"मग ओळख काढ ना."

ती आलेखावर वाकली. "जोडीने येतो, म्हणजे फ्रिजकडे जातो आणि परत येतो. वेळ दुपारची, म्हणजे सकाळच्या टिफिनशी संबंध नाही." मागे पप्पांनी मान एकदम वर केली. "आता आकार. आमच्या घरात एवढे उंच फक्त पप्पा. पण पप्पा आडवे आले असते तर तारा पार विझला असता. हा खड्डा तर बटाट्याएवढाच आहे. म्हणजे वस्तू छोटी, गोल आणि आईच्या डोक्याच्या थोडी…"

ती थांबली. सर, बाई, गुड्डी, सुमित आणि पप्पा, सगळे तिची नजर जिकडे गेली तिकडे बघायला लागले. उकाड्यामुळे आईने हल्ली केस वर, अगदी टाळूवर बांधायला सुरुवात केली होती. तिचा अंबाडा दिमाखात उभा होता. गोल. बटाट्याएवढा.

"मी फक्त आंबट झालं का ते बघत होते," आई म्हणाली.

"तीनदा?" पप्पांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज हळू होता, आणि त्यात श्रीखंडापेक्षा जास्त गोडवा होता.

सर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. "न दिसलेल्या ग्रहाचा आकार सांगितला या मुलीने. आणखी काय पाहिजे?" पहिला नंबर तिथेच ठरला.

घरी येताना पप्पा स्कूटरवर शीळ घालत होते. घरी आल्यावर फ्रिज उघडून ते नुसतेच समोर उभे राहिले. "काही घेत नाही, फक्त आंबट झालं का ते बघतो." आई म्हणाली, "पुरे आता! आणि ते चिकूचं काय?" पप्पा म्हणाले, "चिकू मी उघड खाल्ला, शपथा घेऊन नाही." आई लाटणं घेऊन फ्रिजच्या या बाजूला, पप्पा त्या बाजूला. मधे बंद बल्ब आणि सुरकुतलेला बटाटा.

अमृता दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"आई, पप्पा, ऐका. मी ठरवलंय. शिबिराला तर जाणारच. पण दहावी झाली की अकरावी सायन्सही मी पुण्यालाच करणार, होस्टेलवर राहून. पप्पा, सुपरवायझरचा शब्द शिबिरापुरता होता, माहितीये मला. पण तुमची इज्जत मी वाचवलीय, त्याचा विचार करा."

"अगं, पण इथं काय वाईट आहे?" आईचं लाटणं खाली आलं.

"काहीच नाही. तुम्ही दोघं मला फार आवडता," अमृता म्हणाली. "पण फार हलता."