भिकोबाच्या डोक्याचं माप

बाळांनो, एका जंगलात भिकोबा नावाचा म्हातारा वानर राहायचा. कुणाच्याही पायात काटा गेला, की तो लंगडत भिकोबाकडे यायचा. भिकोबा दोन बोटांनी काटा असा अलगद काढायचा, की दुखणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही.

एक दिवस त्याचा उजवा हात आपोआप थरथरू लागला. हरणाच्या पायातला काटा निघायच्या ऐवजी आणखी आत गेला. हरीण लंगडतच परत गेलं. भिकोबाला त्या दिवशी घास गिळवेना.

"मोहाची फुलं जास्त खातो," रानडुकरानं निदान केलं.

बायको सगुणा त्याला टिटवी डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"हा कंपवात," टिटवीबाई म्हणाल्या. "मेंदूत रखवालदार पेशी असतात. कचरा झाडणं हे त्यांचं काम. या आजारात त्या चवताळतात आणि हालचाल सांभाळणाऱ्या पेशींनाच झोडपतात. त्याला मेंदूतला दाह म्हणायचं."

"मग त्यांना शांत करा की."

"तो उपाय अजून शोधतायत, सगुणाबाई. तोवर थरथर कमी व्हायला औषध देते."

हे वाघमहाराजांच्या कानावर गेलं. त्यांनी समिती नेमली. कोल्हा अध्यक्ष झाला.

"दाह म्हणजे सूज," कोल्हा म्हणाला.

समितीनं वेलीनं भिकोबाचं डोकं मोजलं. मग इतर वानरांची मोजली. सगळी सारखीच भरली.

"सूज नाही. म्हणजे आजार नाही."

"अहो, ती आत असते," सगुणा म्हणाली.

"बाई, आत बघणं आमच्या नियमांत बसत नाही."

भिकोबा कामचुकार ठरला. त्याची जागा साळिंदराला मिळाली. साळिंदराचा पंजा मुळीच थरथरत नव्हता. तो एक काटा काढायचा आणि वळताना तीन टोचायचा.

मग एक ससा गुपचूप भिकोबाच्या झाडाखाली आला. भिकोबानं थरथरता हात मांडीवर ठेवला.

"सगुणा, तू काढ. जरा डावीकडे. आता ओढ."

काटा अख्खा निघाला. कितीतरी दिवसांनी भिकोबा पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी झाडाखाली रांग लागली.

साळिंदराकडे कुणी फिरकेना. समितीनं अहवाल लिहिला, 'जंगल काटामुक्त झाले.' साळिंदराचा सत्कार ठरला. हार घालायला कोल्हा पुढे झाला.

संध्याकाळी तोही सगुणेच्या रांगेत बसला होता.

तात्पर्य : मेंदूचा आजार करून घ्यायचाच असेल, तर डोक्यावर ठळक टेंगूळ येईल असा बघून घ्यावा. समितीला मोजायला सोपं जातं.