सांता क्लाराला टिक्क्या

"या आठवड्यात घरात मासळी येणार नाही, डुकराच्या मांसाचं नाव कोणी काढायचं नाही, आणि तरीही एकेकाच्या दंडात कसं बळ येतं ते बघाच," निंगने सकाळी सकाळी जाहीर केलं.

बघायला कोणाला वेळ होता? शनिवारी नणंदेचं, लिगायाचं लग्न, तेही चर्चच्या अंगणात, उघड्यावर. सासूबाई, म्हणजे नानाय पेट्रा, लेचे फ्लानचे डबे मांडून बसल्या होत्या. खरवसासारख्या या गोड फ्लानला अंड्यातलं लागतं फक्त पिवळं. पांढरं आजवर शेजारच्या डुकरांकडे जायचं.

"डुकरं बघा कशी गरगरीत झालीत," निंग म्हणाली. "आणि आमची टाला? खराट्याची काडी! यंदा पांढरं मला द्या."

"घे बाई. पण डुकरांना तूच समजाव."

दोन वर्षांची टाला म्हणजे निंगच्या जिवाला घोर. घास भरवायचा तर अख्खं अंगण पालथं घालावं लागे, आणि हाती लागली तरी मासा मांजराच्या तोंडात, भात कोंबडीच्या. निंगने पांढरं फेस येईपर्यंत घुसळलं, त्यात शेवग्याचा पाला, घरातलीच चिमूटभर सुकट आणि तांदळाचं पीठ घातलं, आणि तव्यावर टिक्क्या टाकल्या. टाला वास घेत आली. एक खाल्ली. मग दुसरी मागितली. मागितली! निंगला वाटलं, आता गल्लीत बँड लावावा.

त्या आनंदातच सगळं बिनसलं.

नानाय शिंप्याकडे निघताना म्हणाल्या, "उरलेली फ्लान तू कर. अंडी टेबलावर आहेत." टेबलावर एक ट्रे होता आणि त्याच्याशेजारी एक टोपली. निंगने ट्रे संपवला, टोपलीही संपवली. पिवळं फ्लानला, पांढरं टिक्क्यांना. दुपारपर्यंत परात शिगोशीग भरली.

नानाय परतल्या त्या आभाळाकडे बघतच. डोंगरामागे काळं दाटलं होतं.

"निंग, उशीर नको. निळ्या रिबिनीची टोपली घे आणि सांता क्लाराच्या मठात देऊन ये. लग्नात ऊन पडावं म्हणून संताला बोललेली अंडी आहेत ती, पोचल्याशिवाय पाऊस टळायचा नाही."

"निळी रिबीन?" निंगने विचारलं.

तेवढ्यात मांजर समोरून गेलं. गळ्यात निळी रिबीन, कशीबशी गुंडाळलेली. मागून टाला टाळ्या वाजवत.

निंगला कळलं, संपवलेली टोपली तीच. नवस लिगायाच्या लग्नाचा, आणि तो तर परातीत सोनेरी होऊन बसलेला. मागच्या दाराने ती दुकानात पळाली. लग्नसराईत गावातल्या प्रत्येक नवरीच्या आईने अंडी उचललेली. दुकानदारीण म्हणाली, "खारवलेली आहेत, लाल रंगाची. देऊ?"

"नको. सांता क्लाराला तहान लागेल."

शेवटी तिने टोपलीत टिक्क्या रचल्या, वर पांढरं फडकं घातलं आणि मांजराचे ओरखडे सोसून रिबीन परत मिळवली.

"सांभाळून ने," नानाय दारातून म्हणाल्या. "फुटतील."

"नाही फुटायची," निंग म्हणाली. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मठातल्या सिस्टर बाहेरच्या कोणाला दिसत नाहीत. भिंतीत लाकडी फिरतं कपाट असतं. त्यात वस्तू ठेवायची, ढकलायचं, की ती आत जाते. निंगने टोपली ठेवली, ढकललं आणि डोळे मिटले.

आत फडकं सरकलं. मग एक म्हातारा आवाज.

"बाळ, ही अंडीच का?"

"अंडीच आहेत, सिस्टर. जरा... पुढे गेलेली."

"कितपत पुढे?"

"तव्यापर्यंत."

 मग चावल्याचा आवाज. मग दुसऱ्या कोणाच्या तरी चावल्याचा. कोणीतरी कुजबुजलं, "सुकट घातलीय गं."

"सिस्टर, पावसाचं...?"

"प्रार्थना करतोच. आत्ता तोंड भरलंय." जरा वेळाने आवाज पुन्हा आला. "लोक कच्ची अंडी आणतात. वाटून वाटून उरतात ती आम्ही सकाळी उकडतो, दुपारी उकडतो. कोणाला सुचलं नाही गं आजवर."

कपाट फिरलं. टोपली परत आली ती ताज्या अंड्यांनी भरलेली. "उद्या याचं करून आण," आवाज म्हणाला.

निंग तरंगत घरी आली. फाटकात नानाय उभ्या. भरलेली टोपली बघून त्यांनी खांबच धरला.

"परत पाठवली? माझ्या लेकीची अंडी संताने नाकारली?"

लिगाया आतून धावत आली आणि तिथेच रडायला लागली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. निंगने सगळं सांगून टाकलं, अगदी मांजरापासून.

नानायनी टोपलीतलं एक अंडं उचलून पाहिलं. मग म्हणाल्या, "सिस्टरनी खाल्ल्या?"

"चावायचा आवाज आला."

"एक तरी परत पाठवली?"

"एकही नाही."

नानायनी क्रूसाची खूण केली. "मग पोचल्या. रडू नकोस गं लिगाया. आणि निंग, उद्या शेवगा जास्त घाल."

शनिवारी असं ऊन पडलं की फादरनी प्रवचन निम्म्यावर आटोपलं. टेबलाटेबलाला नानाय सांगत होत्या, "आमच्या सुनेच्या हातचं संताला आवडतं."

त्याचा परिणाम सोमवारी दिसला. निंगच्या दारात नवरीमुलींच्या आया ओळीने उभ्या, प्रत्येकीच्या हातात अंड्यांची टोपली. निंगने हसतमुखाने तवा तापवला आणि पहिली गरम टिक्की, मानाची, टालापुढे ठेवली.

टालाने ती उचलली आणि मांजराला दिली. लग्नात तिने फ्लान चाखलं होतं.

"पिवळं," ती म्हणाली.