हर्मिनाबाईंचे तीन नवरे

हॅलोविनच्या आठवड्यात प्रागमध्ये भुतांपेक्षा भुतं दाखवणारेच जास्त होतात. मुंडकं नसलेला सरदार दाखवायचा तर गल्लीच्या तोंडाशी ताटकळावं लागतं. आधीचा गाईड हलला की मगच आपल्या गिऱ्हाइकांना घाबरवता येतं. ओताकार या प्रकाराला विटला होता. डोक्यानं तल्लख माणूस, पण तल्लखपणा कुठे वापरावा याची अक्कल देव सगळ्यांना देतोच असं नाही. त्यानं टेकडीवरची एक साधी दफनभूमी शोधली, जिथे कुठलाच गाईड फिरकत नसे, आणि तिथलं एक थडगं नक्की केलं.

थडग्यावर चिनीमातीच्या चकतीत एका बाईचा फोटो होता. घट्ट अंबाडा, मिटलेले ओठ आणि दुधात पाणी सापडल्यासारखी नजर. नाव हर्मिना व्होंद्रुश्कोव्हा. बाई कोण, कुठली, ओताकारला काडीची माहिती नव्हती. पण फोटो बघताक्षणी त्याला गोष्ट सुचली. हिनं म्हणे अळंब्यांचं सूप पाजून तीन नवरे मारले, आणि अजूनही तिन्हीसांजेला कोणी उपाशी दिसलं की मागून येऊन विचारते, वाढू का?

गोष्ट तुफान चालली. लोक अंगावर काटा आणून घेत, फोटो काढत, मेणबत्त्या लावत. ऑक्टोबर संपत आला तोवर हर्मिनाबाईंच्या दगडावर मेणाचा थर साचला होता. त्या मेणबत्त्या बघून ओताकारला अधूनमधून टोचायचं. त्याचे स्वतःचे वडील नदीपलीकडच्या दफनभूमीत होते आणि तिकडे तो कित्येक वर्षांत गेला नव्हता. हंगाम संपला की जाऊ, असं तो दर हंगामात म्हणायचा.

त्या शनिवारी द्राहोमिराबाई ताबोरहून यायच्या होत्या. या यित्काच्या आई, आणि यित्का म्हणजे ओताकारची होणारी बायको. होणारी की नाही, ते त्या दिवशी ठरणार होतं, कारण आईचं मन मोडून ती बोहल्यावर चढणारी नव्हती. आई आधी कबरी साफ करेल, मग माझ्याकडे जेवायला बसू, तू वेळेवर ये आणि जरा माणसासारखा वाग, असं तिनं बजावलं होतं. कुठल्या कबरी, हे ओताकारनं विचारलंच नाही. पितरांच्या दिवसाआधीच्या शनिवारी अख्खं शहर बादली, ब्रश आणि शेवंतीच्या कुंड्या घेऊन दफनभूमीत लोटतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ओताकारच्या डोक्यात मात्र नुसता हॅलोविन होता.

सकाळी दफनभूमीतली गर्दी बघून तो चपापला. पण जर्मन पर्यटक काळे झगे घालून, तोंडं रंगवून आलेले. आता मागे कसं फिरणार? त्यानं आवाज खोल केला आणि एकेक नवरा मारायला घेतला. तिसरा तडफडत असताना मागून कोणीतरी जर्मनमध्येच शांतपणे विचारलं,

"सुपात ती आंबट साय घालायची का हो?"

चौकस गिऱ्हाईक मिळालं म्हणून ओताकार खूश झाला. "भरपूर," तो म्हणाला, "विषाची चव लागू नये म्हणून." आणि वळला.

समोर चिखलाचे बूट घातलेली एक बाई बादली घेऊन उभी होती. घट्ट अंबाडा, मिटलेले ओठ, आणि नजर फोटोतली, जशीच्या तशी. तिच्या मागे यित्का, पांढरीफटक.

"माझी आई साय घालायची नाही," द्राहोमिराबाई म्हणाल्या. "तिला पचत नव्हती."

ओताकारला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण तिथली धरणी आधीच भरलेली होती. बाईंनी त्याच्या हातात ब्रश ठेवला. तो गुडघे टेकून मेण खरवडू लागला. ब्रश आधीच शेवाळानं हिरवा झाला होता, पण ते बघण्याइतकं भान कोणाला होतं? पर्यटकांना हा खेळाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि एका हौशी बाईनं ऐन खरवडलेल्या जागी नवी मेणबत्ती लावली. ओताकारचे कान तापले.

"तुमच्या कोणाची कबर आहे?" द्राहोमिराबाईंनी विचारलं.

"वडील. नदीपलीकडे."

"झालं त्यांचं साफ करून?"

"हो तर. गेल्याच आठवड्यात."

जीभ बोलून गेली. यित्कानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग खाली मातीकडे.

जेवायला सूप होतं. अळंब्यांचं. जंगलातून स्वतः वेचून आणलीयेत, असं सांगत द्राहोमिराबाईंनी त्याचा वाडगा काठोकाठ भरला आणि समोर बसल्या. त्यांच्या वाडग्यात मात्र काहीच नव्हतं. ओताकारनं चमचा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. भीती होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. या बाईच्या आईला आपण महिनाभर रोज खुनी ठरवलं आणि वर तिच्याशीच खोटं बोललो.

"बाई, मी खोटं बोललो," तो मान खाली घालून म्हणाला. "वडिलांकडे मी गेलेलो नाही. किती वर्षांत नाही, तेही आठवत नाही."

"मला माहितीये," द्राहोमिराबाई म्हणाल्या. "सकाळी आधी तिकडेच गेलो होतो आम्ही. जावई करायचा तर त्याची माणसंही आपलीच की. शेवाळ फार होतं. ब्रश झिजला त्यात. शेवंती ठेवून आलोय."

ओताकारला वर बघवेना. डोळे सुपातच ठेवून त्यानं ते संपवलं, तळापर्यंत. विष असतं तरी संपवलं असतं. द्राहोमिराबाईंनी न विचारताच पुन्हा वाढलं, आणि मग स्वतःसाठीही थोडं घेतलं.

"आणि गोष्ट सांगायचीच असेल तर नीट सांग," त्या म्हणाल्या. "नवरे तीन नव्हते. दोनच होते."