अनैच्छिकतेचा दाखला

लिलाबाईंचं वय त्र्याहत्तर. खोकला आला, शिंक आली किंवा जागेवरून उठायला जरा उशीर झाला, की त्यांचं लुगडं ओलं होई. यावर त्यांनी आपल्यापुरती व्यवस्था लावून घेतली होती. आधी पाहुण्यांकडे जाणं बंद केलं. मग विहारात मागच्या भिंतीशी बसू लागल्या, मग विहारात जाणंही बंद केलं. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेलेली ही बाई तीन दसरे मानोऱ्याकडच्या आपल्या गावात दाराआड बसून होती.

सून पल्लवी शाळेत शिक्षिका. तिला मोबाईलवर कळलं, की शासनाने 'ज्येष्ठ नागरिक मूत्रसंयम सहाय्य योजना' काढली आहे. घरपोच पॅड मिळणार, नर्स व्यायाम शिकवणार. अट एकच: गळती अनैच्छिक असल्याचा दाखला.

दाखल्याचा कक्ष तालुक्याच्या गावी, दुसऱ्या मजल्यावर होता. तळमजला युवक क्रीडा विभागाला दिलेला होता. कक्षासमोर संडास होता आणि संडासाला कुलूप होतं.

"दिवसातून किती येळा होते?" लिपिक धनसिंगने विचारलं.

"मोजलं नाही भाऊ."

"अंदाज चालत नाही आजी. आकडा लागते."

मग त्यांना पांढरं कापड घातलेल्या खुर्चीवर बसवून तीन वेळा खोकायला सांगण्यात आलं. एसटीत अब्रू जाऊ नये म्हणून लिलाबाईंनी आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. जीभ टाळूला चिकटली होती. धनसिंगने कापड खिडकीच्या उजेडात धरून नीट पाहिलं आणि फॉर्मवर लिहिलं: 'तीन वेळा खोकविले. निरंक.'

"अहो, त्यांनी पाणीच पिलं नाही!" पल्लवी म्हणाली.

"म्हंजे त्याइले ताबा ठेवता येते. ताबा असन त्याले योजना नाही. फेरतपासणीचा अर्ज करा."

फेरतपासणीच्या दिवशी पल्लवीने सासूला दोन तांबे पाणी पाजूनच आणलं. वेळ अकराची होती. तपासणी साहेबांसमोर व्हायची होती आणि साहेब मीटिंगमध्ये होते. साडेबारा वाजले.

"पल्लवी, मले जा लागते."

"भाऊ, संडासाची चाबी द्या."

"चाबी साहेबांजवळ हाय."

लिलाबाईंनी भिंत धरली. मांड्या आवळल्या. दहा मिनिटं त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि मग त्यांच्या चपलांभोवती फरशी ओली होत गेली. एवढा वेळ जागची न हललेली रांग हलली, पण मागे. कुणी नाकाला रुमाल लावला. लिलाबाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. खांद्यावरचा पदर खाली टाकून त्या पायाने फरशी पुसू लागल्या.

"आता तरी लिहा!" पल्लवी म्हणाली. "सगळ्यांनी पाह्यलं."

"ताई, हे खुर्चीवर झालं नाही. वऱ्हांड्यात झालं. वऱ्हांडा दुसऱ्या विभागाकडे हाय."

"कुलूप उघडं असतं तर झालंच नसतं!"

"तेच तर सांगून राह्यलो," धनसिंग समजुतीने म्हणाला. "संडास उघडला तर सारे तिथंच जातीन. मंग गळती सिद्ध कशी होईन? कुलूप लाभार्थ्याच्याच फायद्यासाठी हाय."

आठव्या दिवशी नोटीस आली. 'कार्यालयीन परिसरात हेतुपुरस्सर अस्वच्छता केल्याबाबत लेखी खुलासा सादर करावा.' त्या एका शब्दाने मूळ अर्जही निकाली निघाला. जे हेतुपुरस्सर, ते अनैच्छिक कसं?

"लिही," लिलाबाई सुनेला म्हणाल्या. "मले मुद्दाम करायचं असतं, तं साहेबाच्या टेबलावर केलं असतं."

हा खुलासा 'हेतूची कबुली' या शेऱ्यासह विधी शाखेकडे गेला.

नोटिशीची गोष्ट गावभर झाली, तेव्हा निवृत्त नर्स मोतीबाई आपण होऊन घरी आल्या.

"पाणी काहून बंद केलं तू?" त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं. "लघवी घट्ट झाली का पिशवी अजून चिडते. पाणी पी. लागो न लागो, दर दोन तासानं जाऊन ये. आन् लघवी धरून ठेवतो ना आपण, तसं आतून आवळ, पाच मोज, सोड. दहा येळा. सकाळ, दुपार, संध्याकाळ."

तीन महिने गेले. गळती पुरती थांबली नाही, पण निम्म्याहून कमी झाली. उरलेल्यासाठी पल्लवीने मऊ सुती कापडाच्या घड्या शिवल्या. त्या दसऱ्याला लिलाबाई नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या. दोनदा घडी बदलली, पोटभर पाणी प्यायल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि सुजलेले पाय घेऊन घरी आल्यावर दोन दिवस त्याबद्दलच बोलत होत्या. या सगळ्याची शासनदरबारी कुठेही नोंद नाही.

नोंद झाली ती मार्चअखेर. अर्जदार चारशे बारा, पात्र शून्य. एकही पात्र रुग्ण नाही, त्या अर्थी रोगच उरला नाही, असा निष्कर्ष निघून तालुका 'गळतीमुक्त' जाहीर झाला. मोठा सोहळा ठेवला. धनसिंगला शाल-श्रीफळ मिळालं. सभागृह शिक्षक, डॉक्टर, वकील, व्यापारी अशा जाणत्या माणसांनी गच्च भरलं होतं. म्हातारं मात्र त्यात एकही नव्हतं. अशा ठिकाणी म्हाताऱ्यांना कोण आणतं? वास येतो, भाषण चालू असताना उठतात, आणि खुर्च्या नव्या होत्या. ज्याने त्याने आपापलं म्हातारं बाहेरून कडी लावून घरी ठेवलं होतं.

दुसऱ्या रांगेत तुम्हीही होतात. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या, तरी तुमच्या चालूच होत्या.