टिपणीसकाकांच्या ट्रॅक्टरचा काटा

टिपणीसकाका माणसाचा स्वभाव इंजिनाच्या फेऱ्यांत मोजतात. मी ऑफिसातून वैतागून आलो की कुंपणापलीकडून आरोळी येते, "अरे मंदार, आज दोन हजारांवर दिसतोयस! जरा पाय काढ अ‍ॅक्सिलरेटरवरून!" रविवारी पायजम्यावर कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेलो की, "काय, आज नुसता आयडलिंगला?" एकदा माझी बायको खिडकीत हातवारे करत फोनवर इथल्या नगरपालिकेशी भांडत होती, तर काकांनी मला बाहेरच थांबवून बजावलं, की बाई अडीच हजारांवर आहेत, इतक्यात घरात जाऊ नकोस. हे सगळं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. बाईंनाही ऐकू गेलंच. पुढे माझं काय झालं ते विचारू नका.

कार्डिफच्या टोकाला आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. काका कानाचे डॉक्टर. जन्मभर हॉस्पिटलात लोकांच्या कानांत डोकावले. रिटायर झाल्यावर लोक क्रूझवर जातात, काकांनी जुना निळा ट्रॅक्टर आणला. ट्रॅक्टर गॅरेजमध्ये झोपतो आणि चांगली गाडी बिचारी रस्त्यावर पावसात भिजते. सुमनकाकू सध्या लंडनमध्ये, ईलिंगला लेकीकडे असतात, कारण नात लहान आहे आणि लेकीची नोकरी धावपळीची. पण ऑक्टोबरात गावाबाहेर जुन्या ट्रॅक्टरवाल्यांची नांगरणीची स्पर्धा असते, तिला काकू न चुकता येतात. काका दरवर्षी शेवटून दुसरे येतात आणि काकू ते पहिले आल्यासारख्या टाळ्या वाजवतात.

यंदा स्पर्धेच्या तोंडावर ट्रॅक्टरचा रेव्ह काउंटर बिघडला. इंजिन किती फेऱ्यांवर चाललंय ते दाखवणारी ही तबकडी. तिच्यावरचा काटा अंगात आल्यासारखा उड्या मारायला लागला.

"हा दुरुस्त झाला नाही तर मी स्पर्धेला जाणार नाही," काकांनी जाहीर केलं. "आणि ट्रॅक्टर विकून टाकणार. गिऱ्हाईक तयार आहे."

"अहो काका, बाकीचे सगळे नुसत्या इंजिनाच्या आवाजावर चालवतात की!"

"मी डॉक्टर आहे. अंदाजपंचे कामं करत नाही. तू मेकॅनिकल ना रे?"

झालं! मी मेकॅनिकल आहे हे खरं. पुण्यात डिग्री घेतली आणि कॉलेजातूनच एका सॉफ्टवेअर कंपनीने उचललं. त्यानंतर मी दुरुस्त केलेलं सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे मिक्सर, तोही बायकोला "नवीन घेऊ या" असं सांगून. पण आपली डिग्री खोटी आहे असं शेजाऱ्याला कोण सांगतो? मी बाह्या सरसावल्या.

रोग तसा साधा होता. आपल्याकडच्या जुन्या स्कूटरला स्पीडोमीटरची वायर असायची, तशीच एक वायर इंजिनापासून काट्यापर्यंत जाते आणि आतल्या आत गरागरा फिरते. ती कोरडी पडली होती. व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं, तिला थोडं ग्रीस लावा. थोडं! मी पुरणपोळी तुपात बुडवणाऱ्या घरातला. हात आखडता घेणं आमच्या रक्तात नाही. मी निम्मा डबा रिकामा केला. काटा लगेच शहाण्यासारखा वागायला लागला आणि मी घरात कॉलर ताठ करून हिंडायला लागलो.

पुढच्या शनिवारी काकांनी मला शेवटच्या चाचणीला बोलावलं. मी सीटवर आणि काका खाली, शेजारी उभे, चष्मा कपाळावर चढवून काट्याला डोळे लावून. काटा पंधराशेवर होता. "वाढव!" काका ओरडले. मी घाईघाईने हाताला आला तो दांडा ओढला. तो इंजिन बंद करायचा निघाला. इंजिन दोनदा खोकलं आणि थंड पडलं. काटा मात्र पंधराशेवरच राहिला. माझं ग्रीस वायरीतून वर चढून तबकडीत शिरलं होतं आणि काटा त्यात रुतून बसला होता.

"बघ!" काका ओरडले. "तसूभर हलत नाही! काय गातंय रे इंजिन, वा!"

गॅरेजमध्ये इतकी शांतता होती, की बाहेरून कुत्रा घेऊन चाललेल्या बाईची पावलं ऐकू येत होती.

मी आधी हसलो. वाटलं, माझ्या इंजिनिअरिंगची थट्टा चाललीय. मग काकांचा चेहरा बघितला. ते थट्टा करत नव्हते, बंद इंजिनावर मान डोलवत होते. इतके दिवस मी भिंतीला भिंत लावून राहतोय, हा माणूस आनंदी आहे म्हणून ओरडतो असं समजतोय, बेल वाजवली तरी दार उघडत नाही म्हणून त्याला शिष्ट म्हणतोय. आणि वर स्वतःला हुशार समजतोय! मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी खाली उतरलो, त्यांचा हात धरला आणि बॉनेटवर ठेवला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

"कधी बंद पडलं?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"मघाशीच."

"कानाचा डॉक्टर बहिरा. लोक हसतील ना रे?"

"कोणी हसत नाही, काका," मी त्यांच्या समोर उभा राहून म्हणालो. "यंत्र लावा की."

"जन्मभर मीच दटावायचो पेशंटना, लावा यंत्र, लाज कसली! पण मी लावलं की सुमनला कळेल. ती त्याच दिवशी बॅग भरून इथे येईल. मग नातीला कोण बघणार? लेक नोकरी सोडेल. माझ्या दोन कानांपायी तीन बायकांचे हाल!" ते काट्याकडे बघत होते. "स्पर्धेत ती बांधावरच उभी असते. इंजिन रडायला लागलं आणि मी तसंच रेटत राहिलो, तर तिच्या लगेच लक्षात येईल. काट्याकडे बघून चालवलं की निभावतं."

मग मात्र काकांनी माझ्या हातात पाना दिला नाही. आतून आपली जुनी हत्यारं आणली, कपाळाला दिवा बांधला, तबकडी उघडली आणि कानातला मळ काढावा तसं माझं ग्रीस काढायला बसले. "किती वर्षांचा आहे हा मळ?" त्यांनी विचारलं. "या आठवड्यातला," मी म्हणालो. मला टिश्यू धरून उभं राहायचं काम दिलं होतं. माझ्या डिग्रीला साजेसं तेवढंच होतं.

स्पर्धेच्या दिवशी काटा झकास चालला. इंजिन एकदाही दमलं नाही. काकांचे डोळे मात्र सारखे काट्यावर, त्यामुळे सरी अशी काही वाकडीतिकडी झाली की परीक्षकांनी एकमेकांकडे बघितलं. काकू टाळ्या वाजवत होत्या. सुटलो बुवा, असं मनात म्हणत मी चहाचा घोट घेतला.

"मंदार," काकू म्हणाल्या, "त्यांना ऐकू येत नाही हे मला ठाऊक आहे हो."

चहा माझ्या नाकात गेला.

"फोनवर काहीही विचारलं तरी 'हो हो, जेवलो' म्हणतात. नातीला ताप आलाय सांगितलं तरी 'जेवलो'! मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून मी काय करणार होते? नातीला सोडून निघता येत नव्हतं. उगीच ते खजील झाले असते आणि हा ट्रॅक्टर विकून मोकळे. आता मिळाली नातीला दिवसभराची नर्सरी, येत्या सोमवारपासून." त्यांनी कप माझ्या हातात दिला. "मला माहितीय ते त्यांना सांगू नका हं."

आणि त्या चिखलात उतरल्या. मागून हाक नाही मारली. बांधाच्या कडेकडेने लांब वळसा घालून सरीच्या टोकाला, बरोबर ट्रॅक्टरच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. दोन कप सांभाळत मी मागोमाग. काकांनी ट्रॅक्टर थांबवला, मान वर केली. ते आपल्याकडे बघतायत याची खात्री झाल्यावरच काकू बोलल्या, एकेक शब्द सुटा करून.

"अहो, ईलिंगचा कंटाळा आला मला. मी घरी परत येतेय."

काकांना ते कळलं होतं. डोळे भरून आले होते, मला दिसत होतं. तरीही त्यांनी सगळ्यांच्या देखत हात उचलून कानामागे धरला आणि म्हणाले,

"पुन्हा सांग."