प्रतिक्षाचं ड्रोन अन माझा तपास

बसा, चहा येऊन राहिला. तवर तुमाला अशी केस सांगतो, की ठाणेदारानं ऐकली तर सोताची टोपी माझ्या डोक्यावर ठिवंल. मी तातेराव, आपल्या साखरा गावचा डिटेक्टिव्ह. शाळेशी आपलं जमलं न्हाई, पण माणसाच्या चपलीवरची धूळ बघून सांगतो, हा कुठून आला. निम्म्या वेळा चुकतं, ते सोडा.

माझी पुतणी प्रतिक्षा. लग्नाच्या शूटिंगसाठी तिनं ड्रोन आणलं. तिचा बाप, म्हंजी माझा भाऊ विजयकुमार, तणतणला, "उद्या हट्टा गावच्या लग्नात उडव. पण त्याच्या आधी हारवलं का मोडलं, तर हा नाद बंद!"

पोरगी शहाणी. पंखे तपासले, बॅटरी बघितली, वर तारा न्हाईत अन खाली माणसं न्हाईत असं रान निवडलं. पण विजयकुमार म्हणला, नवी वस्तू आधी मारुतीला दाखवायची. पारावर ड्रोन चालू केलं, नारळ फोडला. ती बंद कराया गेली, तर हा वराडला, "पूजा झाल्यावर इझवती का? अपशकुन!" मग चालूच ड्रोन ताटात धरून आमी रानात गेलो.

उडालं, बापा! तेवढ्यात वारं सुटलं. ड्रोन बाभळीमागं गेलं अन सिग्नलच तुटला. प्रतिक्षा बांधावर बसून रडाया लागली. मी म्हणलं, "रडू नको, काका हाय!" ती अजून मोठ्यानं रडली.

पहिला संशय घारीवर. झाडावर बसली होती, माझ्याकडं बघना. गुन्हेगार नजर चोरतोच. पण जबाब द्यायच्या आत उडाली.

मग गावचा जुना फोटोवाला रत्नपाल. धंद्याची चुरस!

"हातावर ओरखडे काहून?"

"मांजर हाय घरात, तातेराव."

"ड्रोनला पंखे चार, ओरखडे बी चार!"

"मांजराला बी पाय चारच हायेत."

बराबर बोलला, म्हणून सोडला.

तिसरी शंका विहिरीची. वाकून बघितलं. ड्रोन दिसलं न्हाई, माझा चष्मा तेवढा आत गेला. पुढचा तपास अंदाजानं.

तेवढ्यात माझी बायको गोजरबाई आली. "अहो डिटेक्टिव्ह, मारुतीच्या पारावर ते काय बसवलं तुमी? दिवे लुकलुक करून राहिले, प्रदक्षिणा घालाया जागा न्हाई."

"कसलं ते?"

"चार पंख्याचं. देवाचंच असंल म्हणून मी त्याला कुकू लावलं."

प्रतिक्षा ताडकन उठली. "काका! सिग्नल तुटला की ते जिथं चालू केलं तिथंच परत जातं. रानात बंद करून पुन्हा चालू केलं असतं, तर आपल्या पायाशी उतरलं असतं!"

समदे विजयकुमारकडं बघाया लागले. त्यानं घसा खाकरला. "बरं... उद्या हट्ट्याला नीट धरून ने. अन देवाला घरूनच हात जोड."

पोरगी हसली, तवा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

आता एक इनंती. उद्या हट्ट्याच्या लग्नात ड्रोन दिसलं, तर खालून अक्षदा फेकू नका, पंख्यात जातात. अन कोणी इचारलं, हारवलेलं ड्रोन शोधलं कोणी, तर माझं नाव सांगा. फकस्त आधी बघा, जवळपास गोजरबाई न्हाई ना.